नामसाधर्म्याची शिक्षा

युनिक्स जातीच्या संगणकांच्या देखभालीत ज्यांची उभी हयात गेली आणि ज्यांच्या हाताखाली प्रस्तुत लेखकाने या विद्येची धुळाक्षरे गिरवली, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही परवा भर बैठकीत एक सिद्धान्त मांडून मोकळे झाले; आणि भोवतालच्या तरुण मंडळींनी तो ज्या तत्परतेने मान डोलावून शिरोधार्य मानला, ती पाहून त्याचा जाहीर प्रतिवाद करणे आम्हांस अगत्याचे वाटले. सिद्धान्त असा की, चालू असलेल्या एखाद्या प्रोसेसचा क्रमांक तिच्या नावावरून काढावयाचा असेल, तर 'पीएस'कडून सर्व प्रोसेसची यादी मागवावी, ती पाइपमधून 'ग्रेप'कडे सोडावी, ग्रेप ज्या ओळी गाळून देईल त्यांतील क्रमांक उचलावा आणि पुढचे काम करावे. याहून वेगळी अशी 'पीग्रेप', 'पिडऑफ' वगैरे जी स्वतंत्र हत्यारे निघाली आहेत, ती आळशांची चैन होय. या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ त्यांनी चार मुद्दे मांडले. पहिला, हीच युनिक्सची खरी परंपरा. दुसरा, या रीतीत जो एक प्रसिद्ध दोष आहे तो एका चौकटी कंसाने निघून जातो. तिसरा, ही दोन हत्यारे जिथे जावे तिथे हजर असतात, बाकीच्यांचा भरवसा नाही. आणि चौथा, जो त्यांनी सर्वांत ठासून मांडला, तो असा की इतक्या वर्षांत या रीतीने कोणाचे काही बिघडलेले नाही.

स्नेह्यांविषयीचा आमचा आदर या मतभेदाने तिळभरही उणावत नाही. परंतु आदर ही एक गोष्ट आणि सहमती ही दुसरी.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी प्रश्नाचे स्वरूप आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. युनिक्समध्ये जो जो कार्यक्रम चालू होतो, त्याच्या प्रत्येक चालत्या प्रतीला, म्हणजे प्रोसेसला, प्रणालीचा गाभा असलेला कर्नल एक क्रमांक देतो. त्यालाच पीआयडी म्हणतात. थांब, आवरते घे, आपले सेटिंग पुन्हा वाच, असा कोणताही हुकूम 'किल' या आज्ञेने पाठवावयाचा, तो या क्रमांकाच्या पत्त्यावरच जातो. 15 क्रमांकाचा सिग्नल प्रोसेसला आवराआवर करण्याइतकी सवड देतो. 9 क्रमांकाचा सिग्नल तेवढीही देत नाही, तिथल्या तिथे शिरच्छेद होतो. माणसाच्या स्मरणात मात्र क्रमांक राहत नाही, नाव राहते. म्हणून नाव हाती धरून क्रमांकाचा शोध घेण्याची पाळी रोज येते. प्रश्न दिसावयास चिमुकला आहे. परंतु ज्याच्या उत्तरावर कोणाचा तरी जीव जाणे न जाणे अवलंबून असते, मग तो जीव यंत्रातला का असेना, तो प्रश्न चिमुकला म्हणून सोडून देता येत नाही.

आता परंपरेचा मुद्दा घेऊ. पाइप ही कल्पना डग मॅकिलरॉय यांची, आणि त्यांच्या आग्रहावरून 1973 साली केन टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. ग्रेपही टॉम्प्सन यांचेच. बेल प्रयोगशाळेतल्या या मंडळींनी घालून दिलेला दंडक असा की, प्रत्येक हत्याराने एकच काम करावे, पण ते चोख करावे, आणि अशी हत्यारे जोडून मोठे काम साधावे. हा दंडक आम्हांसही पूर्णपणे मान्य आहे. आणि तो मान्य आहे म्हणूनच आमचे म्हणणे असे की, स्नेही ज्या जोडकामाला परंपरा म्हणतात तेच या दंडकाचे उल्लंघन आहे. ग्रेपचे काम काय? मजकुरात विशिष्ट आकृतीची अक्षरे ज्या ओळींत आढळतील त्या ओळी काढून देणे. ओळीतला अमुक रकाना मालकाचा, अमुक क्रमांकाचा, अमुक आज्ञेचा, हे ज्ञान ग्रेपला नाही आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये. पीएस जी यादी छापतो, ती माणसाने डोळ्यांनी वाचावी म्हणून छापतो. वाचणाऱ्या माणसाला रकाने कळतात, ग्रेपला कळत नाहीत. आणि आपण माणसाला मधून काढून त्याच्या जागी ग्रेपला बसवतो. चाळणीला कारकुनाच्या गादीवर बसवून तिच्याकडून दप्तर तपासून घेण्याचा हा प्रकार आहे. यात चाळणीचा दोष कोणता?

हे जरा जवळून पाहू. एका संगणकावर 'एन्जिनएक्स' हा वेबसर्व्हर चालू आहे असे समजा. स्नेह्यांच्या रीतीने त्याचा शोध घेतला असता पडद्यावर साधारणपणे पाच ओळी उतरतील. पहिली एन्जिनएक्सच्या मुख्य प्रोसेसची, दुसरी तिच्या हाताखालच्या कामकरी प्रोसेसची, इथवर ठीक. तिसरी ओळ एका सहकाऱ्याची असेल, जो त्याच क्षणी 'व्हीआय' उघडून एन्जिनएक्सच्या सेटिंगच्या फाइलीत दुरुस्ती करीत बसला आहे. चौथी ओळ दुसऱ्या एखाद्याच्या 'टेल'ची, जो एन्जिनएक्सच्या चुकांची नोंदवही वाचत आहे. आणि पाचवी ओळ खुद्द ग्रेपची, कारण ज्याला शोधावयाचे त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या आज्ञेतच लिहिलेले आहे! पाचांपैकी तीन ओळींचा एन्जिनएक्स असण्याशी सुतराम संबंध नाही. त्या केवळ त्याचे नाव तोंडात धरून बसल्या आहेत. आता या पाचही ओळींतला क्रमांकाचा रकाना 'ऑक'ने कापून 'किल'च्या हवाली केला, की चोर तर मरतोच, परंतु चोराविषयी बोलणारे दोन संन्याशीही सोबत सुळावर जातात, आणि सहकाऱ्याची अर्धी राहिलेली दुरुस्ती त्यांच्याबरोबर जाते.

ग्रेपने स्वतःलाच शोधून काढावे हा या रीतीतला तो प्रसिद्ध दोष. वेदान्तात दहा वाटसरूंचा एक दृष्टान्त आहे: नदी उतरून गेल्यावर जो तो मोजतो आणि स्वतःला मोजावयाचे विसरून नऊच भरले म्हणून रडत बसतो, तेव्हा कोणी शहाणा येऊन सांगतो की दहावा तूच आहेस. आमच्या ग्रेपची स्थिती नेमकी उलट. त्याने स्वतःला मोजावयाचे नाही, तरी तो आवर्जून मोजतो. त्यातही गंमत अशी की, पाइपच्या दोन्ही बाजूंच्या प्रोसेस शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा कार्यक्रम, एकदमच सुरू करतो, त्यामुळे पीएस यादी वाचत असताना ग्रेपचा अवतार झालेला असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो यादीत दिसतो, क्वचित दिसत नाही. दोष नेहमीच घडता, तर निदान त्याचा हिशेब धरता आला असता.

यावर स्नेह्यांचा दुसरा मुद्दा, म्हणजे चौकटी कंसाचा उपाय. नावाचे पहिले अक्षर कंसात घातले की ग्रेपच्या दृष्टीने अर्थ तोच राहतो, परंतु ग्रेपच्या स्वतःच्या आज्ञेत मात्र अक्षराभोवती कंस उमटतात, त्यामुळे ती आज्ञा त्या आकृतीत बसत नाही आणि ग्रेप स्वतःच्याच हातून निसटतो. युक्ती चतुर आहे, यात संशय नाही. ज्याला ती प्रथम सुचली त्याच्या बुद्धीला आमचा नमस्कार. परंतु ही युक्ती पाच ओळींपैकी एक ओळ काढते. व्हीआय आणि टेल जिथल्या तिथे राहतात. ज्या औषधाने खोकला थांबतो आणि क्षय तसाच राहतो, ते औषध घेणाऱ्याला बरे वाटते एवढेच. आणि बरे वाटल्यामुळे तो वैद्याकडे जात नाही, ही त्यातली खरी हानी. दुसरा एक संप्रदाय 'ग्रेप ही अक्षरे असलेल्या ओळी वगळा' असा दुसरा ग्रेप पहिल्याच्या पुढे जोडतो. त्याचा समाचार घेण्याचेही कारण नाही. ज्याच्या आज्ञेत ती अक्षरे योग्य कारणाने आली असतील असा निरपराधही त्यात वगळला जातो, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

तिसरा मुद्दा उपलब्धतेचा. यात थोडे तथ्य आहे आणि ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पॉझिक्स या प्रमाण संहितेत पीएस आहे, ग्रेप आहे. पिडऑफ मुळात लिनक्सच्या मुलुखातले, आणि पीग्रेप प्रथम सोलारिस 7 या आवृत्तीबरोबर 1998 साली आले. परंतु त्यानंतर पीग्रेप लिनक्समध्ये रुजले, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी यांनी ते घेतले, मॅकवर ते आहे, आणि चिमुकल्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या बिझीबॉक्सच्या संचातही त्याला जागा मिळाली. एका पिढीपूर्वी ही सबब खरी होती. आज तिची मुदत संपली आहे. शिवाय ज्या पॉझिक्सचा दाखला स्नेही देतात, त्याच पॉझिक्सने पीएसला अशी सोय दिली आहे की, यादीत फक्त क्रमांक आणि आज्ञेचे नाव हे दोनच रकाने छापावेत आणि त्यांवरचे मथळेही गाळावेत. असे दोन रकाने हाती आल्यावर दुसरा रकाना हव्या त्या नावाशी अक्षरशः जुळतो की नाही, एवढे ऑकला विचारले की पाचांतल्या तीन भाकड ओळी आपोआप गळतात. म्हणजे जिथे पीग्रेप खरोखरीच नाही, तिथेही सबंध ओळ ग्रेपच्या तोंडी देण्याची सक्ती कोणी केलेली नाही. ती निव्वळ सवय आहे.

उपलब्धतेच्या मुद्द्याला जोडूनच एक इशारा, कारण तो आमच्या बाजूच्या उत्साही लोकांसाठी आहे. सर्वत्र एकच नाव म्हणजे सर्वत्र एकच अर्थ, असे मुळीच नाही. लिनक्सवर 'किलऑल' या आज्ञेला नाव दिले की ती त्या नावाच्या प्रोसेस संपवते. सोलारिसवर त्याच नावाची आज्ञा संगणक बंद करण्याच्या वेळी वापरावयाची असते, आणि ती नावगाव न विचारता सर्वच चालू प्रोसेस संपवते. लिनक्सवर हात बसलेल्या माणसाने सोलारिसवर सर्वाधिकार घेऊन ही आज्ञा दिली, तर त्याला हवी ती एक प्रोसेस नक्की मरेल, मात्र ती एकटी मरणार नाही. तेच लिनक्सच्या घरातही पाहावयास मिळते: सिस्टिम-व्ही धर्तीच्या इनिट संचात पिडऑफ ही स्वतंत्र फाइल नसून 'किलऑल5' नावाच्या संहारक आज्ञेचेच ते दुसरे नाव होते. शोधणारा आणि मारणारा एकाच देहात नांदत होते, आणि कोणत्या नावाने हाक मारली यावर तो देह कोणते काम करील हे ठरत होते.

राहता राहिला चौथा मुद्दा, की या रीतीने कोणाचे काही बिघडले नाही. हा मुद्दा अनुभवाचा असल्यामुळे त्याला अनुभवानेच उत्तर दिले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक ज्या कचेरीत नोकरीस होता, तिथे 'ऑर्डर्स' या नावाचा एक कार्यक्रम रोज पहाटे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा रिवाज होता. ते काम करणारी स्क्रिप्ट कोणा पूर्वसूरीने लिहिलेली होती, आणि तिच्यात स्नेह्यांच्या सिद्धान्ताचे तंतोतंत पालन होते: पीएसची यादी, तिच्यावर 'ऑर्डर्स' या शब्दाचा ग्रेप, चौकटी कंससुद्धा, मग क्रमांकाचा रकाना, मग 9 क्रमांकाचा सिग्नल. कित्येक महिने ही स्क्रिप्ट बिनबोभाट चालली आणि म्हणूनच ती कोणी उघडून पाहिली नाही. पुढे काटकसरीसाठी डेटाबेस दुसऱ्या संगणकावरून याच संगणकावर आणण्यात आला. तो डेटाबेस पोस्टग्रेसचा, आणि त्याचे नाव, स्वाभाविकपणे, 'ऑर्डर्स'. पोस्टग्रेसची रीत अशी की, येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी तो एक वेगळी प्रोसेस काढतो आणि ती कोणत्या वापरकर्त्यासाठी, कोणत्या डेटाबेसवर काम करते आहे, हे पाहणाऱ्याच्या सोयीसाठी तिच्या आज्ञेच्या ओळीत लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रेपला 'ऑर्डर्स' हा शब्द त्या सर्व ओळींत सापडला, आणि त्या सर्वांना 9 क्रमांकाचा प्रसाद मिळाला. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसने, आपली मुले अशी अपघाती मेलेली पाहून, सामायिक स्मृती बिघडली असावी असे गृहीत धरले, उरलेल्या सर्व जोडण्या तोडल्या आणि ती पुनरुज्जीवनाच्या कामाला लागली; तिच्या दृष्टीने ते अगदी योग्यच होते. पहाटेचे अन्य सर्व व्यवहार त्या वेळी अर्ध्यावर तुटले. तीन दिवस संशय डिस्कवर होता, मग मेमरीवर. स्क्रिप्टवर कोणाचाही नव्हता, कारण ती 'चालत आलेली' होती. काही बिघडले नाही असे जे म्हणतात, त्यांच्याकडे बिघाडाची नोंद झाली असेल, पण ती भलत्याच नावावर झाली असेल, एवढेच आम्ही सुचवतो.

इथवर वाचून पीग्रेपचे पक्षपाती संतुष्ट झाले असतील. त्यांचा तो संतोष फार वेळ टिकू देणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण स्नेही हे कसलेले वादपटू आहेत, आणि ते आम्हांस पहिला प्रश्न हाच विचारतील की, त्या पहाटे ग्रेपच्या जागी पीग्रेप असते तर तुमचा डेटाबेस वाचला असता काय? याचे सरळ उत्तर, नाही. ऑर्डर्स हा कार्यक्रम जावा भाषेत लिहिलेला होता. जावात लिहिलेल्या कार्यक्रमाचे नाव, कर्नलच्या नोंदीप्रमाणे, 'जावा' एवढेच असते. ज्या संगणकावर टॉमकॅट, काफ्का आणि इलॅस्टिकसर्च एकत्र नांदतात, तिथे 'जावा' नावाची हाक मारली की तिघेही ओ देतात. म्हणून अशा ठिकाणी पीग्रेप वापरणाराही त्याला सबंध आज्ञेची ओळ तपासावयास लावणारा 'एफ' हा पर्याय जोडतो. आणि तो जोडला की पीग्रेप वाचते ती ओळ आणि ग्रेप वाचत होता ती ओळ यांत काहीही अंतर राहत नाही. इतकेच काय, पीग्रेप स्वतःला यादीतून वगळते हे खरे, परंतु ज्या शेलने त्याला जन्म दिला त्या शेलच्या ओळीतही तेच नाव लिहिलेले असते, आणि त्याला ते वगळत नाही. सर्वाधिकार मिळवून देणारा 'सुडो' लावून पीग्रेपच्या मारक भावाला, म्हणजे 'पीकिल'ला, 'एफ'सह धाडले तर कित्येकदा पहिला बळी त्या सुडोचाच पडतो. आपल्या पूर्वजांना सोडून द्यावे असा पर्याय अलीकडच्या आवृत्तींना जोडावा लागला, यातच सर्व आले.

म्हणजे स्नेह्यांचा सिद्धान्त खोटा, परंतु त्यांच्या विरोधकांचा सिद्धान्तही अपुरा. दोघांचे भांडण हत्याराविषयी आहे, आणि मूळ दोष हत्यारात नाही. तो प्रश्नात आहे. कर्नलच्या दप्तरात प्रोसेसची नोंद क्रमांकावर असते. लिनक्सवर 'प्रॉक' या निर्देशिकेत डोकावून पाहावे: प्रोसेस या फाइलींसारख्या दिसाव्यात ही कल्पना टॉम किलियन यांनी 1984 साली आठव्या आवृत्तीच्या युनिक्ससाठी मांडली, आणि आजही तिथे प्रत्येक प्रोसेसचे दालन तिच्या क्रमांकाच्या नावाने उघडते. नावावरून उघडणारे दालन तिथे एकही नाही. पीग्रेप किंवा पिडऑफ यांना नाव दिले की ती दोघेही क्रमांकांची सर्व दालने एकामागून एक उघडतात आणि आत लावलेली पाटी वाचून पाहतात. नाव ही तिथे नोंद नव्हे. तो रकान्याच्या टोकाला लिहिलेला शेरा आहे.

आणि शेऱ्याचीही प्रतिष्ठा बेताचीच. लिनक्सचा कर्नल नावासाठी 16 बाइटांची जागा देतो, पैकी शेवटची समाप्तिचिन्हाची. म्हणजे नाव 15 अक्षरांचे. 'ग्नोम-कीरिंग-डेमन' हे नाव रोमन लिपीत 20 अक्षरांचे आहे. त्यातल्या 'डेमन'चे पहिलेच अक्षर नोंदले जाते आणि पुढची पाच कापली जातात. पीग्रेपला 'तंतोतंत' हा पर्याय देऊन हे संपूर्ण नाव विचारले, तर समोर जिवंत असलेल्या प्रोसेसविषयी ते 'अशी कोणी नाही' असा निर्वाळा देते. उलट हा पर्याय दिला नाही, तर 'एसएसएच' म्हणून विचारले असता 'एसएसएचडी' आणि 'एसएसएच-एजंट' ही मंडळीही हजर होतात, कारण नावाचा तुकडा जुळला तरी त्याला पुरतो. याहून गंभीर बाब अशी की, हे नाव प्रोसेसला स्वतःहून बदलता येते, आज्ञेची ओळही पुसून दुसरी लिहिता येते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पोस्टग्रेस हे चांगल्या हेतूने करतो. परंतु संगणकात घुसून त्याची शक्ती चोरणारे कार्यक्रमही हेच करतात, आणि कर्नलच्या घरच्या नोकराचे नाव लावून यादीत निर्धास्त बसतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन तोतया उभा राहिला, आणि 1776 साली त्याचा शेवट होईपर्यंत चांगली जाणती माणसेही त्या नावामागे गेली. जिथे चेहरा पाहिलेले साक्षीदार हयात होते तिथे ही कथा, तर जिथे चेहराच नाही तिथे नावावर किती भिस्त ठेवावी?

यात काळाचीही भर पडते. नावावरून क्रमांक सापडणे आणि त्या क्रमांकाला सिग्नल पोहोचणे, यांच्यामध्ये अल्प का होईना अवधी जातो. तेवढ्यात ती प्रोसेस मेली आणि तिचा क्रमांक दुसरीला मिळाला, तर हुकूम बरोबर पत्त्यावर जातो आणि चुकीच्या माणसाच्या हाती पडतो. लिनक्सवर क्रमांकांची परंपरागत कमाल मर्यादा 32768 होती. गजबजलेल्या संगणकावर तेवढे क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून वाटप सुरू होणे ही असंभाव्य गोष्ट नव्हे. 64 बिटांच्या यंत्रांवर ती मर्यादा 4194304 पर्यंत वाढवता येते, त्याने धोका विरळ होतो, नाहीसा होत नाही. कर्नलच्या कर्त्यांनाही तो खोटा वाटला नाही. 2019 साली लिनक्सच्या 5.1 आणि 5.3 या आवृत्तींतून त्यांनी 'पीआयडीएफडी' ही सोय आणली, जिच्यामुळे क्रमांकाऐवजी त्या विशिष्ट प्रोसेसलाच धरून ठेवणारा दस्तऐवज हाती येतो, आणि ती प्रोसेस मेली तर तो दस्तऐवज दुसऱ्या कोणाच्या नावे वर्ग होत नाही.

मग करावे काय? उत्तर नवे नाही. ते युनिक्सइतकेच जुने आहे. 'फोर्क' या मूळ क्रियेने नवी प्रोसेस जन्मते, तेव्हा कर्नल तिचा क्रमांक तिच्या जन्मदात्या प्रोसेसच्या हाती त्याच क्षणी देतो. शेलमध्ये कार्यक्रम पार्श्वभूमीवर सुरू केला, तर डॉलर आणि उद्गारचिन्ह या दोन चिन्हांत तो क्रमांक तयार असतो. म्हणजे ज्याने सुरू केले त्याला क्रमांक माहीत होता. त्याने तो टाकून दिला, आणि पहाटे दुसरा कोणी येऊन नावाचा पुकारा करीत साऱ्या गावाची झडती घेतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, या म्हणीचा याहून चपखल दाखला आम्हांस ठाऊक नाही. शिवाय मूल मेले तरी जन्मदात्याने त्याची रुजुवात घेईपर्यंत तो क्रमांक कर्नल दुसऱ्या कोणाला देत नाही. म्हणून वर सांगितलेला काळाचा धोकाही जन्मदात्याला बाधत नाही. क्रमांक फाइलीत लिहून ठेवण्याचा जुना रिवाज हा मधला मार्ग होय. तो बरा, परंतु प्रोसेस अचानक मेली तर फाइल मागे उरते आणि मेलेल्याच्या नावाने जिवंताला नोटीस जाते. खरा मार्ग म्हणजे जन्मदात्याने जिवंत राहून देखरेख करणे. डॅनिअल बर्नस्टाइन यांचे डेमनटूल्स याच तत्त्वावर उभे होते. ॲपलने 2005 साली 'लाँचडी' आणले ते याच तत्त्वावर. आणि 2010 पासून लिनक्सवर पसरलेला 'सिस्टिमडी', ज्याच्या अन्य दोषांविषयी स्नेह्यांशी आमचे पुष्कळ एकमत आहे, तोही या एका बाबतीत बरोबर आहे. तो नाव विचारीत नाही. हे कुळ कोणाचे, एवढे त्याला पक्के माहीत असते.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही नावावर बंदी घालू पाहतो. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने काय चालले आहे हे पाहण्यासाठी पीएस आणि ग्रेप यांची जोडी खुशाल वापरावी. तिथे चाळणीनंतर डोळे आहेत, आणि व्हीआयची ओळ डोळ्यांना ओळखू येते. हाताने काही संपवावयाचे असेल, तर आधी पीग्रेपला नावासह यादी छापावयास सांगावी, मालक कोण हे बंधन घालावे, यादी वाचावी, खातरजमा करावी, आणि मगच त्याच शब्दांत पीकिल द्यावे. परंतु जी स्क्रिप्ट पहाटे कोणी जागे नसताना चालणार आहे, तिच्यात नावावरून चौकशी करण्याचा अधिकारही जपून द्यावा, आणि नावावरून शिक्षा करण्याचा तर मुळीच देऊ नये.

त्या कचेरीतील ती ओळ पुढे आम्हीच खोडली. ऑर्डर्स सुरू करण्याचे काम एका देखरेख करणाऱ्या प्रोसेसकडे सोपवले, आणि पहाटेच्या स्क्रिप्टमध्ये तिला एवढेच सांगितले की, तू सुरू केलेस ते तूच थांबव आणि तूच पुन्हा सुरू कर. डेटाबेसचे नाव आजही 'ऑर्डर्स'च आहे. ते बदलण्याची गरज कोणाला पडली नाही.